नवा कोर्स शून्यापासून बांधायचाय: सगळ्यांना वापरता यावा म्हणून आधी कशाला हात घालावा?

आकडेमोड

पदवीच्या पहिल्या वर्षासाठी 'सांख्यिकीची ओळख' हा कोर्स नव्याने उभा करतोय. १५ आठवडे, साधारण ८० विद्यार्थी, आठवड्याला तीन तासिका आणि एक प्रात्यक्षिक. नोट्स मराठीत वर्डमध्ये लिहून पीडीएफ करून देण्याचा विचार आहे. त्याशिवाय स्लाईड, छोटे व्हिडिओ, मूडलवर (ऑनलाइन कोर्स चालवायची प्रणाली) दर आठवड्याला एक चाचणी, चार स्वाध्याय, एक प्रकल्प आणि शेवटी लेखी परीक्षा.

वर्गात कोण असेल ते सत्र सुरू झाल्याशिवाय कळत नाही. दृष्टिबाधित, कर्णबधिर, वाचनदोष असलेले, दुखण्यामुळे अधूनमधून गैरहजर राहणारे, कुणीही असू शकतं. आणि कुणी आल्यावर धावत-पळत केलेली सोय अर्धवटच राहते. म्हणून कोर्सच मुळात असा हवा की वेगळी सोय कमीत कमी लागावी. हातात दहा आठवडे आहेत आणि काम करणारा माणूस एकच.

तपासणी याद्या ढीगभर मिळतात, पण त्यांत सगळे मुद्दे एकाच वजनाचे असतात. मला क्रम हवाय. विशेषतः तीन गोष्टींबद्दल: आलेख आणि सूत्रं, चाचण्यांमधला जादा वेळ, आणि मराठी पीडीएफ. स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर) मराठी पीडीएफचं काय होतं हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी जरूर सांगावं.

---

मागचा_बाक

फायलींना इतक्यात हात लावू नका. पहिला आठवडा फक्त उद्दिष्टं आणि मूल्यमापनाला द्या, कारण तिथे चुकीचं क्रियापद बसलं की पुढे कितीही सुबक पीडीएफ केली तरी उपयोग नाही.

एक नमुना घ्या. 'विद्यार्थी हिस्टोग्राम (वर्गवार संख्या दाखवणारा स्तंभांचा आलेख) काढतील.' यात नक्की काय मोजायचंय? माहितीला साजेसा आलेख निवडणं आणि त्यावरून वाटपाबद्दल (आकडे कसे विखुरलेत त्याबद्दल) काही म्हणता येणं हे मोजायचं असेल, तर पट्टी-पेन्सिल त्या उद्दिष्टाचा भागच नाही. 'दिलेल्या माहितीसाठी योग्य आलेख निवडून तयार करतील आणि वाटपाचं वर्णन करतील' असं लिहिलं की कागदावर, एक्सेलमध्ये किंवा आर भाषेत केलेला आलेख सारखाच चालतो आणि कुणासाठी अपवाद करावा लागत नाही.

मग प्रत्येक चाचणी, स्वाध्याय आणि परीक्षेसमोर दोन रकाने आखा. पहिल्यात काय मोजायचंय ते. दुसऱ्यात ते देताना आणखी काय काय लागतं ते: वेगाने वाचणं, सुवाच्य हस्ताक्षर, माऊस, रंग ओळखणं, सलग दोन तास बसणं, सगळ्यांसमोर बोलणं. दुसऱ्या रकान्यातली जी गोष्ट पहिल्यात नाही ती अडथळा. ती काढता येते का ते बघा. जी दोन्हीकडे आहे तिला हात लावू नका. आउटपुटचा अर्थ लावणं हे उद्दिष्ट असेल तर तो विद्यार्थ्यानेच लावला पाहिजे, तिथे सवलत नाही. हे एकदा लिहून ठेवलं की ऐन सत्रात 'एवढं चालेल का' हा वाद उरत नाही.

जादा वेळेचं गणितही इथूनच सुटतं. वेग हे तुमचं उद्दिष्ट नसावं असं धरतो. मग ५० मिनिटांच्या चाचणीत ५० मिनिटांचा मजकूर कशाला? ३० मिनिटांत संपेल एवढाच काढा आणि ५० मिनिटं सगळ्यांना द्या. दीडपट वेळ लागणाऱ्याचं काम ४५ मिनिटांत होतं, त्याला वेगळ्या खोलीत जावं लागत नाही. दुप्पट वेळ किंवा मध्ये विश्रांती लागणारे तरीही असतील, त्यांची व्यवस्था वेगळी करावीच लागेल. पण ती यादी बरीच आखूड होते.

मूडलमधली एक खोच. विद्यार्थ्यासाठी अपवाद टाकताना वेळमर्यादा वाढवली जाते, पण चाचणी बंद होण्याची वेळ तशीच राहते. मग ३० ची ४५ मिनिटं केली तरी चाचणी सर्वांबरोबर बंद होते आणि त्याची शेवटची पंधरा मिनिटं जातात. दोन्ही वेळा बदलायच्या. शिवाय हा अपवाद चाचणीगणिक टाकावा लागतो. १४ चाचण्या आणि चार विद्यार्थी म्हणजे ५६ नोंदी, त्यात एखादी राहणारच. साप्ताहिक चाचणीला घड्याळ लावूच नका. आठवडाभर उघडी ठेवा आणि १४ पैकी उत्तम १० धरा.

उत्तम १० ने दुखणाइतांचा प्रश्न मात्र पूर्ण सुटत नाही. दुखणं उसळलं की गैरहजेरी सलग येते, तीन-चार आठवडे एकदम, आणि सोडलेल्या चाचण्यांबरोबर तो भागही सुटतो. म्हणून प्रत्येक घटकाला 'एवढं वाचा, एवढी गणितं करा, मग पुढच्या घटकाला बसा' असं एका पानाचं टिपण ठेवा.

प्रकल्पाला पर्याय द्या: लेख, व्हिडिओ, पोस्टर, तोंडी मांडणी. ज्याला जे जमतं ते.

---

टॅब_की

फायली माझ्याकडे. पण आधी वरच्या शेवटच्या ओळीला हरकत. चार प्रकारचे पर्याय म्हणजे चार प्रकारच्या गुणदान कसोट्या. पोस्टर आणि लेख एकाच मापाने मोजायला गेलं की सजावटीला गुण जातात. त्यापेक्षा प्रकल्पाचा गाभा एकच ठेवा (माहिती, निवडलेली पद्धत, निष्कर्ष, मर्यादा) आणि फक्त सादर करण्याचा मार्ग मोकळा सोडा: लिहून किंवा ध्वनिमुद्रित करून. कसोटी एकच राहते. 'कुणी डोळ्यांनी शिकतं, कुणी कानांनी' या समजुतीवर पर्याय उभारू नका, तिला पुराव्याचा आधार नाही. पर्याय लागतात ते अडथळ्यामुळे.

आता मराठी. सर्वांत मोठा घोळ फॉन्टचा. श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण फाइलमध्ये रोमन अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात. स्क्रीन रीडर तीच वाचतो, म्हणजे निव्वळ बडबड. जुन्या नोट्स वापरणार असाल तर आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि नजरेखालून घाला. रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात.

युनिकोडमध्ये टाइप केलं तरी पीडीएफ दगा देते. पीडीएफमध्ये अक्षरांच्या आकृत्या त्या पानावर जशा दिसतात त्या क्रमाने बसवलेल्या असतात. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी दिसते व्यंजनाच्या आधी, उच्चारली जाते नंतर. आकृत्यांवरून मजकूर परत काढताना हा क्रम चुकतो, जोडाक्षर तुटतं. तपासायला एक मिनिट लागतं: पीडीएफ उघडा, सगळं निवडून कॉपी करा, नोटपॅडमध्ये चिकटवा आणि 'किंमत', 'मध्यक', 'निरीक्षित', 'वर्गांतर' हे शब्द शोधा. वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटलेली दिसली तर स्क्रीन रीडरलाही तेच ऐकू येणार. त्यामुळे मराठी नोट्सची मूळ वर्ड फाइल किंवा वेबपान हेच मुख्य साहित्य माना, पीडीएफ छपाईपुरती. 'वर्ड दिली तर कुणी बदल करील' ही भीती असते, पण बदल केलेली प्रत त्याच्याच संगणकावर राहते.

वर्डमध्ये लिहितानाच पाळायच्या गोष्टी, महत्त्वाच्या क्रमाने:

१. शीर्षकं ठळक करून मोठी करू नका, 'हेडिंग १', 'हेडिंग २' या शैली वापरा. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरच्या ब्राऊझ मोडमध्ये 'एच' दाबत वाचणारा एका शीर्षकावरून दुसऱ्यावर जातो. शैली नसेल तर ४० पानं त्याला पहिल्या ओळीपासून ऐकावी लागतात.

२. मजकुराची भाषा मराठी लावा. इंग्रजी लावलेली राहिली तर आवाज चुकीचा निवडला जाऊ शकतो.

३. तक्त्यात वरची ओळ शीर्ष-ओळ म्हणून लावा आणि रकाने एकत्र जोडू नका. वारंवारता सारणीत 'एकूण' साठी दोन खाने जोडले की तिथून पुढे कोणता आकडा कोणत्या रकान्याचा हे कळेनासं होतं. तक्त्याचं चित्र तर कधीच नको.

४. पीडीएफ काढायचीच असेल तर 'सेव्ह ॲज' मधून काढा आणि पर्यायांत रचनेचे टॅग ठेवण्याची खूण आहे ना बघा. 'प्रिंट टू पीडीएफ' वापरलं तर हे टॅग पुसले जातात.

स्लाईडमध्ये वाचनाचा क्रम पाहा. पॉवरपॉइंटच्या 'सिलेक्शन पेन' मध्ये जे सर्वांत खाली ते सर्वांत आधी वाचलं जातं, त्यामुळे शेवटी चिकटवलेला मथळा शेवटीच ऐकू येतो. प्रत्येक स्लाईडला वेगळा मथळा द्या, आणि स्वतंत्र टेक्स्ट बॉक्सऐवजी आराखड्यातल्या तयार जागाच वापरा.

अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उठावाचं (कॉन्ट्रास्टचं) प्रमाण डब्ल्यूसीएजी या वेब-सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये ठरलेलं आहे: साध्या अक्षरांना ४.५:१, मोठ्या अक्षरांना (१८ पॉइंट, किंवा ठळक असेल तर १४) ३:१. पांढऱ्यावर भडक लाल ४:१ च्या आसपास पडतो, म्हणजे लाल शाईतली बारीक टीपसुद्धा नापास. आलेखात 'लाल रेषा मुली, हिरवी रेषा मुलगे' हे टाळा. एक रेषा सलग, दुसरी तुटक, आणि नावं रेषेच्या टोकालाच लिहा. स्क्रीनशॉट करड्या रंगात बदलून पाहिला की लगेच कळतं.

सूत्रं वर्डच्या समीकरण खान्यात लिहा, चित्र करून चिकटवू नका. लेटेकमध्ये लिहीत असाल तर पॅन्डॉक या रूपांतर करणाऱ्या साधनाने त्याचं मॅथएमएल (वेबपानावर सूत्रं लिहायची भाषा) असलेलं वेबपान करता येतं. एनव्हीडीएला मॅथकॅटची जोड असली की अपूर्णांकाच्या अंशात, छेदात कळांनी शिरता येतं, जे चित्राच्या वर्णनात शक्य नाही.

आलेखांचं वर्णन हा तुमच्या कोर्सचा खरा कस. समजा, ४० जणांच्या गुणांचा हिस्टोग्राम आहे. पर्यायी मजकुरात (चित्राऐवजी स्क्रीन रीडर वाचतो ते वर्णन) 'हिस्टोग्राम' एवढंच लिहिलेलं असतं. वर्डची तपासणी ते पास करते, कारण वर्णन पुरेसं आहे का हे ती बघत नाही. असं लिहा: '४० विद्यार्थ्यांच्या गुणांचा हिस्टोग्राम. आडवा अक्ष ० ते ५० गुण, दहा-दहाचे पाच वर्ग. उभा अक्ष विद्यार्थिसंख्या. वर्गवार संख्या ३, ५, १४, १२, ६.' नोट्समध्ये पुढे 'शिखर २० ते ३० वर्गात, डावीकडे उतार एकदम, उजवीकडे सावकाश' असंही लिहा. परीक्षेत मात्र ते शेवटचं वाक्य कापा. 'बहुलकीय वर्ग (सर्वांत जास्त संख्येचा) कोणता' असं विचारून वर्णनातच शिखर सांगितलं तर ते उत्तर फोडणं झालं. आकडे द्यायचे, निष्कर्ष द्यायचा नाही, ही सीमा.

प्रात्यक्षिकासाठी आर वापरत असाल तर ब्रेलआर हे पॅकेज आहे. त्यातलं 'व्हीआय' फंक्शन हिस्टोग्राम, बॉक्सप्लॉट वगैरेंचं वर्णन मजकुरात देतं. आज्ञा लिहून काम करण्याची पद्धत स्क्रीन रीडरला मेनूंच्या जंजाळापेक्षा सोपी जाते, त्यामुळे पहिल्या वर्षाला अवघड नको म्हणून बटणांचं सॉफ्टवेअर निवडण्याआधी विचार करा.

---

ओठांवरून

व्हिडिओ आणि तासिकेबद्दल थोडं, कारण कर्णबधिर विद्यार्थी लेखी नोट्सवर निभावून नेतील असं धरलं जातं.

आपोआप बनणारी कॅप्शन कच्चा मसुदा समजा. मराठी-इंग्रजी मिसळलेल्या बोलण्यात ती घसरतातच, आणि घसरतात नेमकी संज्ञांवर, म्हणजे जिथे अर्थ असतो तिथेच. विरामचिन्हंही बरेचदा चुकतात. नंतर दुरुस्त करायला व्हिडिओच्या चार-पाच पट वेळ जातो. उलट करा: आधी संहिता लिहा, ती वाचत मुद्रण करा, मग तीच कॅप्शन म्हणून जोडा. एका वेळी दोनपेक्षा जास्त ओळी नकोत आणि वाक्य मध्येच तोडू नका. व्हिडिओ सहा-आठ मिनिटांचे ठेवा.

संहितेमुळे दुसरा फायदा होतो. 'हे यातून वजा केलं की हे येतं' हे वाक्य न पाहणाऱ्याला शून्य सांगतं. '६२ मधून मध्य ५० वजा केला, १२ उरले' असं बोललात तर दृश्याचं वेगळं वर्णन जोडावं लागत नाही.

वर्गात सांकेतिक भाषेचे दुभाषी असतील तर तासाभराच्या तासिकेला दोघे लागतात, वीस-तीस मिनिटांनी ते अदलाबदल करतात. स्लाईड आणि नव्या संज्ञांची यादी त्यांना दोन-तीन दिवस आधी द्या, कारण 'प्रमाण विचलन' साठी खूण ठरलेली नसेल तर प्रत्येक वेळी अक्षरं जुळवत बसावं लागतं. आणि थांबा. दुभाष्याकडे बघणारा विद्यार्थी त्याच क्षणी तक्ता वाचू शकत नाही. तक्ता दाखवला की आठ-दहा सेकंद गप्प, मग बोलणं. फळ्याकडे तोंड करून बोललेलं ओठांवरून वाचणाऱ्याला मिळत नाही. मागच्या बाकावरून प्रश्न आला तर तो माईकवर पुन्हा म्हणा, मग उत्तर द्या.

आणखी एक. 'कुणाला काही अडचण असेल तर तासानंतर भेटा' यावर फार जण येत नाहीत. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना चार प्रश्नांचा फॉर्म द्या: साहित्य कशावर वाचता, कशात अडतं, आधी कशाचा उपयोग झाला, मला अजून काही सांगायचंय का. निदान विचारू नका, प्रमाणपत्र मागू नका.

---

आकडेमोड

उद्दिष्टांचे दोन रकाने आजच आखायला घेतो. नोट्स वर्डमध्येच देईन. कॉपी करून पाहिलं, 'निरीक्षित' चा पार भुगा झालाय.

दोन शंका राहिल्या. दहा आठवड्यांत हे सगळं बसणार नाही, मग काय मागे ठेवू? आणि लेखी परीक्षेत लेखनिक असेल तर सूत्रं कशी सांगायची?

---

टॅब_की

क्रम असा लावीन. पहिला आठवडा उद्दिष्टं. त्याच आठवड्यात पुस्तकं ठरवून टाका, कारण ब्रेल किंवा उठावाच्या आकृत्या करून घ्यायला कित्येक आठवडे जातात आणि ऐनवेळी पुस्तक बदललं की ते सगळं वाया. दुसऱ्या आठवड्यात वर्ड आणि स्लाईडचा एकेक साचा, शैली आणि रंग आधीच बसवलेला. पुढचे पाच आठवडे नोट्स त्याच साच्यात. आठवा आणि नववा चाचण्यांना. दहावा तपासणीला: माऊस काढून ठेवा आणि टॅब, एंटर, स्पेस, बाणांच्या कळा एवढ्यांवर एक चाचणी पूर्ण सोडवा. चित्रावर ओढून टाकायचे प्रश्न इथेच अडतील, त्यांच्या जागी बहुपर्यायी प्रश्न टाका. मग पडदा बंद करून एनव्हीडीएवर एक घटक ऐका.

मागे ठेवायचे ते व्हिडिओ. चांगल्या नोट्स असतील तर व्हिडिओविना सत्र चालतं, पण कॅप्शनविना २० व्हिडिओ टाकले तर काहींसाठी ते दारच बंद. पाच करा, पण नीट.

---

मागचा_बाक

लेखनिकाचं. अडचण सूत्र बोलण्यात आहे. 'क्ष वजा मध्य भागिले प्रमाण विचलन' असं सांगितलं तर लेखनिक दोन प्रकारे लिहू शकतो: पूर्ण वजाबाकीला भागिलेलं, किंवा फक्त मध्याला भागिलेलं. चूक कोणाची ते उत्तरपत्रिकेवरून कळत नाही. म्हणून हद्द बोलून दाखवायची पद्धत ठरवा: 'अपूर्णांक सुरू, क्ष वजा मध्य, छेद, प्रमाण विचलन, अपूर्णांक संपला'. वर्गमूळ आणि कंसालाही तसंच सुरू आणि संपलं. हे एका पानावर लिहून सत्राच्या सुरुवातीलाच द्या आणि तासिकेत तुम्हीही तसंच बोला, म्हणजे परीक्षेच्या दिवशी ते नवं वाटणार नाही.

लेखनिक आणि विद्यार्थी यांची परीक्षेआधी निदान अर्ध्या तासाची गाठ घालून द्या, जुन्या प्रश्नपत्रिकेवर एक गणित पूर्ण लिहून बघू दे. लिहिलेलं परत वाचून दाखवणं हे लेखनिकाचं कामच आहे, त्याचा वेळ धरूनच जादा वेळ ठरवा. सूत्रपत्रिका सर्वांना द्या. पाठांतर तुमच्या पहिल्या रकान्यात नसेल तर. तक्ते आणि झेड-मूल्यांची सारणी लेखनिकाने शोधून द्यायची की विद्यार्थ्याने ओळ-रकाना सांगायचा, हेही आधी लेखी ठरवा. माझ्या मते विद्यार्थ्याने 'ओळ १.२, रकाना ०.०३' असं सांगायचं आणि लेखनिकाने तिथला आकडा वाचायचा. सारणी वाचता येणं हे मोजायचंय, बोट फिरवणं नाही. कॅल्क्युलेटर बोलणारा असेल तर हेडफोन किंवा वेगळी खोली लागेल, ती परीक्षा विभागाकडे दोन आठवडे आधी मागा.